जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताय? मग चावीवरचा करंट नेमका कुठून उचलायचा ते बघा

पॉइंट (ठिणगी पाडायला कॉइलचा करंट तोडणारा छोटा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकायचं काम तसं सोपं असतं. डिस्ट्रीब्युटरची (ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या डब्याची) कॅप काढा, पॉइंट आणि कंडेन्सर काढा, मॉड्युल (पॉइंटच्या जागी येणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवा, चुंबकाची रिंग कॅमवर दाबा, झालं. खरं अडतं ते त्या लाल वायरपाशी. किटच्या कागदावर लिहिलेलं असतं की लाल वायर चावीवरच्या १२ व्होल्टला जोडा, आणि तो १२ व्होल्ट तुमच्या १९६५ च्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये किंवा ब्रिटिश एमजीमध्ये कुठे मिळतो हे कोणीच सांगत नाही. मग वायरमन येतो, टेस्टर लावतो, दिवा लागला की म्हणतो "आला करंट साहेब", वायपरच्या नाहीतर रेडिओच्या वायरला पीळ देऊन वर टेप गुंडाळतो आणि जातो. गाडी चालू होते पण सकाळी गार असताना नखरे करते, घाटात मिसिंग करते, आणि महिन्याभरात सगळे म्हणायला लागतात की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बेकार, आपले पॉइंटच बरे. बऱ्याच वेळा मॉड्युलचा काही दोष नसतो हो, त्याला धड करंटच मिळत नसतो.

मुद्दा असा की टेस्टरचा दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही. त्या वायरने चार गोष्टी करायला पाहिजेत. चावी बंद असताना मेलेली पाहिजे, चावी ऑन केली की जिवंत, सेल्फ मारत असताना पण जिवंतच, आणि खरा लोड पडल्यावर व्होल्टेज टिकलं पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी सगळेच बघतात, गडबड तिसऱ्या आणि चौथ्यात होते.

सुरुवात करायच्या आधी तुमचं किट कुठल्या जातीचं आहे ते बघून घ्या, कारण करंट किती लागणार ते त्यावर आहे. डिस्ट्रीब्युटरच्या आत बसणारं छोटं मॉड्युल असेल, पर्ट्रॉनिक्सच्या इग्नायटरसारखं, तर दोन वायरी असतात, लाल चावीवरच्या करंटला आणि काळी कॉइलच्या मायनसला. नेदरलँड्सच्या १२३ सारखा पूर्ण डिस्ट्रीब्युटरच असेल तर लाल, काळी आणि वर एक निळी अर्थची. या दोन्हीत मॉड्युल स्वतः फार खात नाही, खाते ती कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). तिसरी जात म्हणजे एमएसडीसारखा वेगळा डबा, त्यात जाड लाल आणि जाड काळी थेट बॅटरीला जातात आणि बारीक लाल फक्त "चावी ऑन आहे" एवढं सांगायला असते. त्या बारीक लालला करंट नगण्य लागतो, त्यामुळे जागा शोधणं सोपं, पण त्याची एक वेगळीच भानगड आहे, ती पुढे सांगतो.

सामान फार नाही लागत. साधा डिजिटल मल्टिमीटर, लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो तसला चालेल. बल्बवाला टेस्ट लॅम्प घ्या, एलईडीवाला नको. आणि एक जुना हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि पिना लावून ठेवा. हा बल्ब या सगळ्या कामातला हुकमी एक्का आहे, कारण ५५ वॅट भागिले १२ म्हणजे साडेचार अँपियरच्या आसपास, आणि ३ ओहमची कॉइल पण चारेक अँपियरच ओढते. म्हणजे मॉड्युल न जोडता, काही जळायची भीती न बाळगता कॉइलएवढा लोड टाकून बघता येतो. मल्टिमीटर बिचारा काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे तांब्याची एकच तार शिल्लक राहिलेल्या कुजक्या वायरवर पण तो ऐटीत १२.४ दाखवतो.

आधी अर्थ कुठला ते बघा. बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेलीये? जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असायचा, एमजीबी तर १९६७ पर्यंत तशी यायची. फियाट, पद्मिनीवाल्यांना सहसा हा प्रश्न येत नाही. पण आपल्याकडे मधल्या काळात कोणीतरी डायनामो काढून अल्टरनेटर टाकलेला असतो आणि तेव्हा अर्थ उलटा केलेला असतो, म्हणून पुस्तकावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा आणि मीटर लावून खात्री करा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला निगेटिव्ह अर्थचं मॉड्युल जोडलं तर ते तिथल्या तिथे जातं. पुढचं सगळं मी मायनस बॉडीला आहे असं धरून लिहितोय.

आता कॉइलकडे या. सगळ्यात जवळची आणि बहुतेक वेळा सगळ्यात योग्य जागा तिथेच असते, कारण पॉइंटच्या जमान्यात पण कॉइलला चावीवरचाच करंट लागायचा आणि तो सेल्फ मारताना पण लागायचा. कारखान्याने ती सोय करून ठेवलेली आहे, आपण उगाच डॅशबोर्डखाली डोकं घालतो. कॉइलला दोन छोटे टर्मिनल असतात. जुन्या ल्युकासच्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं, एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडून येणारा आणि सीबी म्हणजे पॉइंटकडे जाणारा. नंतरच्या कॉइलवर प्लस मायनस असतं. काहीच वाचता येत नसेल तर डिस्ट्रीब्युटरच्या अंगातून निघालेली वायर जिथे गेलीये ते पॉइंटचं टर्मिनल आणि दुसरं आपल्या कामाचं.

ब्रिटिश वायरिंगमध्ये रंगांची एक पद्धत आहे आणि ती पाठ असली की निम्मं काम होतं. ब्राउन म्हणजे बॅटरीचा कायम करंट, पांढरी म्हणजे चावीवरचा पण फ्यूज नसलेला, हिरवी म्हणजे चावीवरचा फ्यूजमधून आलेला, जांभळी म्हणजे कायमचा पण फ्यूजमधून, काळी म्हणजे अर्थ. पांढऱ्यावर काळी रेघ असेल तर ती कॉइलकडून पॉइंटला जाणारी. फ्यूज बॉक्सवर ए१, ए२, ए३, ए४ असे नंबर असले तर ए१ ला ब्राउन येते आणि ए२ मधून जांभळी निघते, ए३ ला पांढरी येते आणि ए४ मधून हिरवी निघते. फोक्सवॅगन बीटलसारख्या जर्मन गाड्यांत आणि फियाटच्या स्विचवर रंगांपेक्षा नंबर बघायचे, ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावी, ५० म्हणजे सेल्फ. अर्थात ही झाली कारखान्यातून निघाली तेव्हाची गोष्ट. पन्नास वर्षांत तिच्या बॉनेटखाली किती वायरमनचे हात फिरलेत ते देव जाणे, ज्याच्याकडे जो रंग होता तो त्याने टाकला, त्यामुळे रंग हा फक्त अंदाज, खरं काय ते मीटरच सांगेल.

कॉइलच्या प्लसला किती वायरी आहेत ते मोजा. कंपनीची एक, फार तर दोन. आपल्याकडच्या गाड्यांत चार-चार पाच-पाच सापडतात. गॅस किट बसवलं तेव्हा त्याच्या सोलेनॉइडची वायर तिथूनच घेतलेली असते, कोणीतरी जादा फॅनचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) तिथून दिलेला असतो, रेडिओचा छोटा कंडेन्सर असतो (तो राहू द्या, त्रास देत नाही), आणि मग असतो आपला लाडका, चोरी टाळायला बसवलेला चोर स्विच. सीटखाली नाहीतर डॅशच्या मागे लपवलेला तो लायटिंगच्या दुकानातला टॉगल, त्यातून कॉइलचा सगळा करंट वर्षानुवर्षं जातोय, आत काळा पडलाय, आणि त्याच्यापर्यंत गेलेली आणि परत आलेली वायर केसाएवढी बारीक. माझ्या मते जुन्या भारतीय गाडीत कॉइलला व्होल्टेज कमी मिळायचं एक नंबरचं कारण हेच आहे. चोर स्विच ठेवायचा असेल तर ठेवा, पण तो कुठे टाकायचा ते खाली रिलेच्या भागात सांगतो.

आता बॅलास्टचं प्रकरण, इथे जरा सावकाश वाचा कारण सगळ्यात जास्त मॉड्युलं इथेच मरतात. काही गाड्यांत कॉइल पूर्ण १२ व्होल्टची नसते, तिच्या आधी बॅलास्ट नावाचा एक रेझिस्टर असतो, चालू गाडीत कॉइलला सहा ते नऊ व्होल्टच मिळतात आणि फक्त सेल्फ मारताना दुसऱ्या वायरने पूर्ण बॅटरी मिळते, म्हणजे थंडीत बॅटरी दबली तरी ठिणगी जोरात पडावी. हा रेझिस्टर कधी कॉइलला चिकटलेला पांढरा सिरॅमिकचा ठोकळा असतो, दिसतो तरी. पण सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत तो दिसतच नाही, हार्नेसच्या म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या आत एक वायरच रेझिस्टन्सची घातलेली असते. कॉइलच्या प्लसला सेल्फच्या सोलेनॉइडकडून (सेल्फला मोठा करंट देणाऱ्या स्विचकडून) एक जास्तीची वायर येत असेल, बहुतेक पांढरी-पिवळी, तर नक्की बॅलास्ट आहे समजा.

कॉइल मोजायची असेल तर दोन्ही छोट्या टर्मिनलच्या वायरी काढून मीटर ओहमवर लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय येतं ते बघा, स्वस्त मीटरमध्ये ०.३ वगैरे दाखवतो, तेवढे वजा करा. ३ ओहमच्या आसपास आलं तर पूर्ण १२ व्होल्टची कॉइल, दीडच्या आसपास आलं तर बॅलास्टवाली.

बॅलास्टचा घोळ असा आहे की मॉड्युलची लाल वायर तुम्ही बॅलास्टच्या पलीकडे म्हणजे कॉइलच्या प्लसला जोडली, तर मॉड्युलला पण सात-आठ व्होल्टच मिळतात आणि ते मधेच झोपतं. आणि उत्साहात बॅलास्ट काढून दीड ओहमच्या कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट दिले तर करंट आठ-नऊ अँपियर जातो, कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि मॉड्युल जळतं. साध्या इग्नायटरला चार आणि सहा सिलिंडरच्या गाडीत निदान ३ ओहमची कॉइल लागते असं कंपनीच सांगते. म्हणजे दोनच मार्ग. एकतर बॅलास्ट आणि त्याची कॉइल आहे तशी ठेवा, किटवाल्याची त्याला परवानगी असेल तर, आणि मॉड्युलची लाल बॅलास्टच्या अलीकडून, स्विचच्या बाजूने घ्या. नाहीतर कॉइल बदलून ३ ओहमची टाका, बॅलास्ट काढून टाका आणि कॉइल आणि मॉड्युल दोघांनाही पूर्ण करंट द्या. मी दुसरंच सांगेन, भानगड कायमची मिटते. तेव्हा सोलेनॉइडकडून येणारी ती जास्तीची वायर पण काढून तिचं टोक नीट बंद करून टाका.

आणि इथे मीटर कसा फसवतो ते बघा. बॅलास्टच्या वायरचं टोक कॉइलपासून सोडवून मीटर लावला तर तो पूर्ण १२.५ दाखवणार, आणि तुम्ही म्हणणार अरे वा, बॅलास्ट नाहीच. नळाला अंगठा दाबून धरला की बारीक पाइपमधून पण प्रेशर जोरात लागतं आणि अंगठा काढला की धार बारीक होते, तसंच हे, करंट वाहिल्याशिवाय रेझिस्टरमध्ये व्होल्टेज पडतच नाही. पॉइंट उघडे असताना कॉइल जोडलेली असली तरी हेच होतं. म्हणून तो हेडलाइटचा बल्ब.

तर मग टेस्ट. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कॉइलच्या प्लसला स्विचकडून आलेली वायर सोडवा आणि तिच्या टोकाला आपला बल्ब लावा, बल्बचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला. बॉडीला नको, नाहीतर बॉडीच्या अर्थचा दोष पण त्यातच मिसळेल. चावी बंद, बल्ब बंद पाहिजे. चावी ऑन, बल्ब झकास पेटला पाहिजे. आता मीटर व्होल्टवर ठेवून लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या थेट शिशाच्या खुंटीवर आणि काळी पिन बल्ब जिथे जोडलाय त्या वायरच्या टोकावर. हा जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जाताहेत. अर्धा व्होल्ट किंवा कमी असेल तर उत्तम, पन्नास वर्षांच्या गाडीला याहून काय पाहिजे. एकच्या वर गेला तर स्विच, चोर स्विच, फ्यूज बॉक्स, गंजलेल्या पिना, काहीतरी गडबड आहे. चार-पाच व्होल्ट आले तर बॅलास्टची वायर आहे.

बल्ब तसाच ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. कॉइल सुटलेली आहे (सोलेनॉइडकडची जास्तीची वायर असेल तर ती पण सोडवून टोक झाका) त्यामुळे गाडी चालू होणार नाही, बिनधास्त चार-पाच सेकंद मारा. बल्ब थोडा मंद होईल, ते ठीक आहे, बॅटरीच दबते त्यावेळी. पण बल्ब पूर्ण विझला तर ती जागा बाद. मीटरवर बघायचं असेल तर आधी बॅटरीवर सेल्फ मारताना किती राहतात ते बघा, चांगली बॅटरी दहाच्या आसपास टिकते, आणि मग तसंच वायरच्या टोकावर बघा, दोन्हीत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको.

हे सेल्फ मारतानाचं एवढं का सांगतोय, तर बऱ्याच इग्निशन स्विचमध्ये एक अ‍ॅक्सेसरीचा टप्पा असतो, रेडिओ, हीटर असल्या गोष्टींचा, आणि सेल्फ मारताना स्विच तो टप्पा मुद्दाम तोडतो, बॅटरी वाचावी म्हणून. वायरमनने तिथून करंट घेतला की लक्षण एकदम ठरलेलं, सेल्फ कितीही मारा गाडी उचलत नाही, आणि चावी सोडल्या सोडल्या त्या क्षणी एक ठोका देते, कधी त्यावर चालू पण होते. लोक कार्बोरेटर खोलून बसतात. याच्या उलट म्हणजे सेल्फवर चालू होते आणि चावी सोडली की लगेच बंद, तर बॅलास्ट तुटलाय, जास्तीच्या वायरवर तेवढं चालतंय. सेल्फचं बटण वेगळं असलेल्या जुन्या गाड्यांत ही कटकट बहुतेक नसते, तरी बघून घ्या.

हिरव्या वायरीवरून, म्हणजे चावीवरच्या फ्यूजच्या पलीकडून, घ्यायला काय हरकत आहे असं विचारतात लोक. चारही टेस्टमध्ये ती पास होईल कदाचित. पण त्याच फ्यूजवर ब्रेक लाइट, इंडिकेटर, वायपर, पेट्रोलचा काटा सगळं असतं. मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पावसाचं पाणी शिरून शॉर्ट झालं आणि फ्यूज उडाला तर पूर्वी फक्त ब्रेक लाइट गेले असते, आता खंबाटकीच्या चढावर इंजिनच बंद. कारखान्याने इग्निशनला फ्यूज दिला नाही त्यामागे हाच विचार असणार. ए३ ची पांढरी बाजू मात्र चालते, आणि हार्नेसमध्ये लपलेल्या बॅलास्टवाल्या गाडीत तर तीच सगळ्यात सोयीची, कारण तिथला करंट बॅलास्टच्या अलीकडचा असतो.

आणि बॅटरीपासून थेट एक वायर आणून मधे टॉगल टाकायचा, हा उपाय कोणी सुचवला तर नमस्कार करा आणि निघा. एक दिवस टॉगल चालू राहणार, इंजिन बंद, कॉइल तापत राहणार आणि सकाळी मॉड्युल गेलेलं. हीच काळजी एरवी पण घ्या, गाणी ऐकायला म्हणून चावी इग्निशनवर ऑन ठेवून बसू नका, पॉइंट एकवेळ सहन करायचे, मॉड्युल नाही करत.

समजा तुमची वायर सगळ्यात पास झाली, अर्धा व्होल्ट ड्रॉप, तर काम संपलं. मॉड्युलची लाल त्याच टर्मिनलवर, वेगळं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावून, आणि काळी कॉइलच्या मायनसला. उगाच रिले टाकत बसू नका, जितक्या जोडण्या कमी तितकं बरं.

पण नापास झाली, आणि जुन्या गाडीत बऱ्याचदा होते, तर आधी फुकटचे उपाय करा. फ्यूज बॉक्सच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासा, गोळीसारख्या पिना काढून साफ करा, चोर स्विच बायपास करून परत मोजा. एवढ्यानेच एक-दीड व्होल्ट परत येतो कधी कधी. तरी नाही जमलं तर मग रिले, चार पिनचा साधा १२ व्होल्ट ३० अँपियरचा, हॉर्नला वापरतात तोच. ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट, सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून नाहीतर ए१ च्या ब्राउनवरून, मधे १० अँपियरचा फ्यूज. ८७ मधून निघणारी वायर कॉइलच्या प्लसला आणि मॉड्युलच्या लालला. ८५ बॉडीला अर्थ. आणि ८६ ला कॉइलपाशी येणारी तुमची ती जुनी थकलेली पांढरी वायर. आता त्या वायरला चार अँपियर ओढायचे नाहीत, फक्त रिलेचं मन राखायचंय, त्याला साधारण ०.१५ अँपियर पुरतात. एवढ्या कमी करंटला कुजक्या स्विचमध्ये किंवा बॅलास्टच्या वायरमध्ये सुद्धा व्होल्टेज पडत नाही, दीड ओहमच्या बॅलास्टमध्ये पाव व्होल्ट पण नाही जात. म्हणजे लपलेली रेझिस्टन्सची वायर शोधून हार्नेस फाडायची गरजच उरत नाही, ती रिले ओढायला सुखाने वापरा (कॉइल मात्र ३ ओहमची पाहिजे हे विसरू नका). चोर स्विच पण याच ८६ च्या वायरीत टाका, तिथे तो टॉगल आयुष्यभर टिकेल.

फ्यूजबद्दल दोन मतं आहेत. मी बॅटरीपासून नवीन वायर आणली तर फ्यूज टाकतोच, कारण ती वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागते, आणि इंजिन बंद पडणं परवडलं. फक्त तो फ्यूज हाताशी पाहिजे, बॅटरीच्या ट्रेखाली नको. वायर १.५ स्क्वेअर एमएमची ऑटोची लवचिक घ्या, घरच्या वायरिंगची कडक तार अजिबात नको, इंजिनच्या हादऱ्याने तुटते. पीळ आणि टेप नको, बॉनेटखालच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात आत हिरवं होतं. थिंबल दाबून वर श्रिंक स्लीव. रिले तोंड खाली करून बसवा म्हणजे पिनांत पाणी साठत नाही.

एमजीवाल्यांसाठी एक, साठच्या दशकातल्या काही गाड्यांत स्मिथ्सचा आरपीएम मीटर कॉइलला जाणारी पांढरी वायर स्वतःमधून फिरवून करंटवर चालतो. रिले टाकून कॉइलला नवीन वाटेने करंट दिला की तो काटा शून्यावर झोपतो. मीटर बिघडला नाहीये, त्याच्यातून जाणारा करंटच तुम्ही काढून घेतला. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्या.

आता ती वेगळी भानगड जी वर म्हटली. अल्टरनेटरवाल्या गाडीत रिले किंवा एमएसडीचा डबा टाकला, सगळं मस्त चाललं, आणि चावी काढली तरी इंजिन चालूच. हातात चावी, गाडी धडधडतीये, भुताटकीच वाटते. होतं असं की डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा एका बाजूने चावीच्या वायरीला आणि दुसऱ्या बाजूने अल्टरनेटरला जोडलेला असतो. चावी बंद केली तरी इंजिन फिरतंय, अल्टरनेटर करंट बनवतोय, आणि तो त्या दिव्यातून उलटा चावीच्या वायरीत शिरतो. कॉइलला चार अँपियर लागायचे तेव्हा दिव्यातून झिरपणाऱ्या थोड्याशा करंटवर काही चालत नव्हतं, पण रिलेला आणि त्या बारीक लालला तेवढा पुरतो. इलाज एकदम स्वस्त, १एन४००७ नावाचा डायोड, चार्जिंगच्या दिव्याकडून अल्टरनेटरला जाणाऱ्या वायरीत, रुपेरी पट्टी अल्टरनेटरकडे. दिवा पूर्वीसारखाच लागतो-विझतो, उलटा करंट अडतो. पट्टी उलटी बसली तर चावी ऑन केल्यावर दिवा लागणारच नाही, लगेच कळेल, आणि मग अल्टरनेटर पण नीट जागा होत नाही, म्हणून ते बघाच.

अर्थकडे पण एकदा नजर टाका. लाल वायरीवर एवढी मेहनत घेतली आणि मॉड्युलचा परतीचा रस्ताच गंजलेला असेल तर उपयोग काय. चावी ऑन, मॉड्युल जोडलेलं, मीटरची एक पिन डिस्ट्रीब्युटरच्या अंगावर खरवडून आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर, सेल्फ मारताना ०.२-०.३ च्या वर जायला नको. जास्त असेल तर इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बघा, तेलाने माखलेली असते, आणि डिस्ट्रीब्युटरच्या आत प्लेटला अर्थ देणारी ती छोटी कापडी वायर तुटलीये का ते पण बघा, ती बाहेरून चांगली दिसते आणि आत तुटलेली असते.

सगळं जोडून गाडी चालू केली की कॉइलच्या प्लसवर मीटर लावा, अल्टरनेटर चांगला असेल तर साडेतेरा ते सव्वाचौदाच्या मधे कुठेतरी दिसेल. हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळं एकदम लावून बघा, तेरा टिकले तर उत्तम, डायनामोवाल्या गाडीत आयडलला कमी दिसणार ते मनावर घेऊ नका. चावी बंद करा, इंजिन लगेच थांबलं पाहिजे, थोडा रेस देऊन पण बंद करून बघा कारण उलटा करंट रेसवरच जास्त शिरतो. मग पंधरा-वीस मिनिटं चक्कर मारून या आणि कॉइल, रिले, फ्यूजचा होल्डर यांना हात लावा, कॉइल कोमट-गरम चालेल, फ्यूजचा होल्डर गरम लागला तर तिथलं थिंबल नीट दाबलं गेलं नाहीये. टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) परत लावायला विसरू नका, मॉड्युलने ते थोडंफार हलतंच. आणि काढलेली पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट एका डब्यात घालून डिकीत टाका, सोबत १० अँपियरचे दोन फ्यूज आणि एक स्क्रू ड्रायव्हर.